दोष कानाचा कीं घोडीचा?

आमच्या धाकट्या नातवाजवळ विद्युत् गिटार आहे. गेल्या महिन्यापासून तिचा एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. मोकळ्या तारा गोड बोलत. परंतु बोटें बाराव्या पडद्याकडे सरकलीं कीं सारें बेसूर होई. "अरे, तुझा कानच कच्चा," असें आम्हीं त्यास दोन-तीनदां सुनावलें. पोर हिरमुसलें आणि वाद्य खोळींत गेलें.

पुढें एके दिवशीं आम्ही स्वतः त्याच्या शेजारीं बसलों. बाराव्या पडद्यावर तारेचा मध्य येतो. तेथें बोटाचा नुसता स्पर्श करून तार छेडली, तर वरचा षड्ज स्वयंभू उमटतो. त्याच जागीं तार दाबून काढलेला स्वर त्याच्याशीं जुळला पाहिजे. येथें तो चढा येत होता. तार दाबतांना किंचित् ताणली जाते म्हणून स्वर चढतो. जाड तारेचा अधिकच. नातवानें मागच्याच महिन्यांत जाड तारा चढविल्या होत्या. घोड्या मात्र जुन्याच जागीं होत्या!

यासाठीं प्रत्येक तारेस थोडी अधिक लांबी द्यावी लागते, आणि तीही निरनिराळी. १९५० सालच्या फेंडर गिटारींत दोन तारांस मिळून एक, अशा तीनच घोड्या असत; १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्यें सहा तारांस सहा घोड्या आल्या. नातवाची गिटार त्याच धाटणीची. दाबलेला स्वर चढा असेल तर मळसूत्र फिरवून घोडी पडद्यांपासून दूर न्यावी. उतरा असेल तर जवळ आणावी. दर खेपेस मोकळी तार पुन्हां जुळवावी आणि मगच पारख करावी. सूनबाईंनीं मोबाईलवरील ट्यूनर धरला, आणि तासाभरांत सहाही तारा ताळ्यावर आल्या.

तरी पूर्ण शुद्धतेची अपेक्षा धरूं नये. ते पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्यामुळें त्यांवरील गांधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढाच राहतो. तो दोष ना घोडीचा, ना वाजविणाऱ्याचा.

जन्मभर मुलांच्या चुका काढण्यांत गेलेल्या आम्हांस, विद्यार्थ्यास बोल लावण्यापूर्वीं त्याच्या हातांतलें साधन तपासावें, हें या वयांत कळलें. त्याच सायंकाळीं आम्हीं नातवाची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पण वाद्य आतां खोळीबाहेर असतें.