पुस्तक भडगावला येतं कशाने?

मराठी वाचकाचं काय झालं, यावर सध्या दोनच सुरांत बोललं जातं. डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, रांगा लागतात, विक्रीचे कोटींतले आकडे छापून येतात. तेव्हा वाचक आहे म्हणून सगळे सुखावतात. एखाद्या साहित्य संमेलनात ग्रंथदालन ओस पडलं, गाळ्याचं भाडंही सुटलं नाही, की वाचक संपला म्हणून हळहळ सुरू होते. हे दोन्ही सूर मोठ्या शहरांतून निघतात. भडगावात राहून ते ऐकताना वाटतं, मधली एक गोष्ट कुणी विचारातच घेत नाही. छापखान्यातून निघालेलं पुस्तक तालुक्याच्या गावापर्यंत येतं कशाने? कोण आणतं, किती खर्चात आणतं?

आमचं गाव गिरणेकाठचं. कापूस, केळी, लिंबाच्या बागा, शाळा, महाविद्यालय, रोज सकाळी पाचोऱ्याच्या आणि चाळीसगावच्या एसटीला पोरांची गर्दी. स्टेशनरीच्या दुकानांत क्रमिक पुस्तकं मिळतात, गाईडं मिळतात, पोलीस भरतीची आणि तलाठी भरतीची जाड पुस्तकं मिळतात, श्रावणात पोथ्या मिळतात. नवी कादंबरी किंवा कवितासंग्रह हवा असेल तर जळगाव गाठायचं, नाहीतर मागवायचं. रविवारी सकाळी पुरवणीत पुस्तकाचं परीक्षण येतं. त्या परीक्षणाची कात्रणं कापून पाकिटात जपणारे शेतकरी या तालुक्यात मला माहीत आहेत. परीक्षण चहाआधी घरात येतं, पुस्तक मात्र महिनोन्‌महिने येत नाही. निवृत्तीनंतर गावातलं माझं घर म्हणजे कोळगाव, आमडदे, गुढे या बाजूच्या मित्रांची पुस्तकं मागवायचा पत्ता झालं आहे. खेड्यातल्या पत्त्यावर कुरिअरवाला जात नाही. तो फोन करून सांगतो, पार्सल पाचोऱ्याला आलंय, येऊन घेऊन जा. बाजाराच्या दिवशी त्यातलं कुणी ना कुणी दारात उभं असतं आणि पहिला प्रश्न असतो, “सर, पुस्तक उनं का?”

इथे सहज पोचणारी साहित्याची पुस्तकं कोणती, हे पाहिलं तर व्यवहार कळतो. ‘श्यामची आई’ पोचतं. बहिणाबाईंची गाणी पोचतात. ही आपल्या मातीतली पुस्तकं आहेत आणि ती घरोघर असावीत, यात शंका नाही. पण त्यांच्या मागे एक कायदाही आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०१० संपल्यावर ‘श्यामची आई’ कुणालाही छापायला मोकळं झालं. स्वस्त आवृत्त्या निघाल्या, जत्रेतल्या फडीवरसुद्धा ते पुस्तक दिसू लागलं. स्वस्त छपाई आणि मोठी संख्या असली की पुस्तक आपणहून गावात शिरतं. आज लिहिणाऱ्या लेखकाचं तसं नाही. त्याच्या कादंबरीची आवृत्ती पाचशे प्रतींची, कवितासंग्रहाची त्याहून कमी. एवढ्या प्रती पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या विक्रेत्यांत वाटल्या की संपल्या. तालुक्याच्या दुकानदाराकडे पाच प्रती पाठवायच्या, त्यातल्या तीन परत येणार, जाण्या-येण्याचं भाडं कमिशनमधून वळतं होणार. वितरक हा धोका घेत नाही आणि त्याला दोषही देता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या बहुतेक कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. पुस्तकावर कर नाही, म्हणून कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वजाही करून घेता येत नाही. तो किमतीत येतो. आवृत्ती आणखी लहान होते, आणि लहान आवृत्ती तालुक्याला विसरते.

तरीही पुस्तकं येतात. कशी येतात ते सांगतो, कारण वाचक मेल्याच्या चर्चेत याची नोंदच होत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी माणसं पाचोरा आणि चाळीसगाव स्टेशनांवरून दादरच्या गाड्या धरतात. शिवाजी पार्कवर त्या दिवसांत पुस्तकांचे शेकडो गाळे लागतात आणि मराठी पुस्तकांची वर्षातली फार मोठी विक्री तिथे होते. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. रोजंदारीचे पैसे साठवून गेलेली माणसं परत येताना पिशवीत बाबासाहेबांची भाषणं, फुल्यांचं समग्र वाङ्मय, आत्मचरित्रं घेऊन येतात. ती पुस्तकं वस्तीत हातोहात फिरतात, पानं सुटेपर्यंत वाचली जातात. या खरेदीत परीक्षण नाही, पुरस्कार नाही, सवलतीची जाहिरात नाही. चारशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून पुस्तक आणणाऱ्या समाजाकडे पाहूनही वाचनसंस्कृती लोपली असं कुणी म्हणत असेल, तर त्याने त्या दिवसांत एकदा दादरला उभं राहावं.

अमळनेरचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत २ ते ४ तारखांना सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात भरलं, अध्यक्ष रवींद्र शोभणे. अमळनेरला यापूर्वीचं संमेलन १९५२ साली, कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली झालं होतं. म्हणजे मधे बहात्तर वर्षं गेली. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही होतं, वासुदेव मुलाटे अध्यक्ष. राजकारण, मानापमान, मंडपातल्या रिकाम्या खुर्च्या यांवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, ते पुन्हा उगाळत नाही. मला आठवतात त्या गाळ्यांसमोर थबकलेल्या बाया. पुस्तक उचलायचं, मागची किंमत बघायची, खाली ठेवायचं, दोन गाळे फिरून पुन्हा त्याच पुस्तकाकडे यायचं. ज्यांनी आयुष्यात पुस्तकांचं दुकान आतून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी ते तीन दिवस दुकान होतं. चौथ्या दिवशी खोकी भरली गेली आणि जिल्ह्यातलं दुकान पुन्हा जळगावपुरतं उरलं.

उरतं ते टपाल. खानदेशातल्या वाचनाची शीर टपालाच्या थैलीतून वाहत आली आहे, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ‘विद्यार्थी’ मासिक काढलं आणि पुढे १९३८ साली अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक. मुंबई-पुण्याबाहेरच्या गावातून नियतकालिक चालवायचं तर वर्गणीदार आणि पोस्टमन ही दोनच माणसं आधाराला. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ पासून ‘कविता-रती’ चालवलं. निव्वळ कवितेला वाहिलेलं नियतकालिक, तेही धुळ्यासारख्या ठिकाणाहून, आणि २०१७ साली त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी ते धरून ठेवलं. मराठी कवितेचा अभ्यास करणाऱ्याला धुळ्याचा पत्ता पाठ असायचा. हे सगळं कागद, तिकीट आणि वर्गणी यांवर उभं राहिलं.

आणि नेमकं तिथेच घाव बसला. १८ डिसेंबर २०२४ ला टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्ट ही सेवा बंद केली. पूर्वसूचना नव्हती. सकाळी गठ्ठे घेऊन पोस्टात गेलेल्या प्रकाशकांना खिडकीवर कळलं, की संगणकात आता तो पर्यायच दिसत नाही. पाच किलोचा पुस्तकांचा गठ्ठा जो ऐंशी-एक रुपयांत देशात कुठेही नोंद होऊन जायचा, त्याला नोंदणीकृत पार्सलचे सव्वादोनशेच्या वर पडू लागले. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहाला पाठवणावळच पुस्तकाच्या निम्म्यावर गेली, तर भडगावचा वाचक ते मागवेल कसा? दिल्ली-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकांना याचा फार फटका बसला नाही, त्यांचा माल वाहतूक कंपनीकडून जातो. फटका बसला एकट्याने घरातून प्रकाशन चालवणाऱ्यांना, छोट्या नियतकालिकांना आणि दुकान नसलेल्या गावांतल्या वाचकांना. लक्षात घ्या, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला होता. पेढे वाटून झाले, मिरवणुका झाल्या, आणि अडीच महिन्यांच्या आत त्याच केंद्राच्या खात्याने मराठी पुस्तकाचा गावाकडचा सर्वांत स्वस्त रस्ता बंद केला. आपल्याकडच्या एकाही मोठ्या व्यासपीठावर या दोन तारखा एका श्वासात उच्चारल्या गेल्याचं मी ऐकलं नाही.

देशभरातल्या प्रकाशकांनी ओरड केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. जमिनीवरच्या वाहतुकीने जातं आणि कुठवर पोचलं ते पाहता येतं. चांगलं झालं, मनापासून चांगलं झालं; प्रकाशकांना माझी विनंती आहे, की मागणी आली की आधी हा पर्याय वाचकाला सांगा. पण ज्ञान पोस्टात नियतकालिकं बसत नाहीत. जाहिराती असलेला मजकूर बसत नाही. म्हणजे दिवाळी अंक बाहेर. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीने जपलेली, जगात क्वचित कुठे असेल अशी ही परंपरा, पाव-अर्धा किलोचा अंक, जाहिरातींशिवाय निघूच शकत नाही. ‘कविता-रती’सारखी नियतकालिकंही बाहेर. नोंदणी आणि टपालाचा परवाना असलेल्या नियतकालिकांना सवलतीचा जुना दर मिळतो, पण तो अंक साध्या टपालात पडतो, हरवला तर मागमूस लागत नाही. संपादक दुसरा अंक स्वखर्चाने पाठवतो. असं किती दिवस चालेल?

वाचनालयं आहेत ना, असं कुणी विचारेल. आहेत. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा हा महाराष्ट्राने केलेल्या फार मोलाच्या कायद्यांपैकी एक. त्याच्यामुळे गावोगाव अ, ब, क, ड वर्गांची हजारो वाचनालयं उभी राहिली. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय तर १८७७ पासूनचं. पण २०१२ नंतर बरीच वर्षं नव्या वाचनालयांना मान्यता थांबली, दर्जावाढ थांबली. ड वर्गाच्या वाचनालयाकडे पगार, भाडं, वीजबिल आणि वर्तमानपत्रं भागवून पुस्तकांसाठी जे उरतं, त्यात वर्षाला नव्या पुस्तकांचं एक कपाटही भरत नाही. ग्रंथपालाला मी नावं ठेवणार नाही. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी कुलूप उघडून बसणारी ही माणसं नसती तर आमच्या पिढीचं वाचन झालंच नसतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत विनायक रानड्यांनी २००९ पासून शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरवली आणि ती पार परदेशात पोचवली. अशी पेटी तालुक्यातल्या दोन वाचनालयांमध्ये फिरवायला सरकारी आदेशाची गरज नाही.

ऑनलाइन दुकानांबद्दल थोडं. त्यांनी भडगावच्या वाचकाला पुस्तक दिलं, हे मान्य करायला हवं. पण पस्तीस-चाळीस टक्के सूट देणाऱ्या दुकानापुढे जळगावचा किंवा धुळ्याचा विक्रेता टिकणार नाही, आणि तो गेला की जिल्ह्यात पुस्तक हातात घेऊन बघायची जागाच राहणार नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा करून नव्या पुस्तकावरची सूट पाच टक्क्यांवर बांधली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पस्तीस युरोंच्या आतल्या ऑनलाइन मागणीवर किमान तीन युरो पाठवणावळ सक्तीची केली, ती गावातल्या दुकानासाठी. आपल्याकडे याची चर्चासुद्धा सुरू झालेली नाही. तोवर आमच्या मोबाइलवर रोज कुणीतरी नव्या कादंबरीची पीडीएफ पाठवतो. पाठवणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो, वाचनप्रेमी असतो. त्याला मी एवढंच म्हणतो, की दादा, लेखकाला याचा एक रुपयाही मिळत नाही. हे पुढे पाठवू नकोस. पण पुस्तक मिळत नाही म्हणून चोरीची पीडीएफ फिरते, हे कारण मला नाकारता येत नाही, आणि म्हणूनच टपालाचा प्रश्न मला सगळ्यांत आधीचा वाटतो.

मागणी साधी आहे. ज्ञान पोस्टाच्या नियमात नोंदणीकृत साहित्यिक नियतकालिकं आणि दिवाळी अंक घ्यावेत, जाहिरातींच्या अटीतून त्यांना सूट द्यावी. टपाल खातं केंद्राचं, तेव्हा ही गोष्ट खासदारांनी संसदेत विचारायची आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि बहिणाबाईंचं नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाने मिळून एक निवेदन करावं. भडगाव तालुक्यातून सह्या गोळा करायचं काम मी अंगावर घेतो. बाजाराच्या दिवशी माझं घर उघडं असतं. दिवाळी अंकांची मागणी ऑगस्ट-सप्टेंबरात नोंदवली जाते. निवेदन त्याआधी दिल्लीला पोचायला हवं.