शब्दविचार : ‘स्पेशस’ आणि ‘प्रशस्त’

कात्रजच्या घाटाखालीं नव्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांतील घरांच्या जाहिरातींत ‘स्पेशस’ हें विशेषण हटकून आढळतें. त्याचें मूळ लॅटिन ‘स्पॅटियम’, म्हणजे जागा किंवा अंतर, या शब्दांत आहे. फ्रेंचमधून तें चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत आलें. मराठींत आम्ही त्यास ‘प्रशस्त’ म्हणतों. परंतु ‘प्रशस्त’ हा शब्द ‘शंस्’, म्हणजे स्तुति करणें, या धातूपासून झालेला. ‘प्रशंसा’ आणि ‘प्रशस्ति’ या त्याच्याच बहिणी. संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ वाखाणलेला, उत्तम. ऐसपैस हा अर्थ मागाहूनचा. म्हणजे एक शब्द जागेचा, दुसरा स्तुतीचा. आणि जाहिरातीचें काम स्तुतीनेंच भागतें! म्हणून आमचें सांगणें असें कीं, घर घेणाऱ्यानें विशेषणास न भुलतां २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें होणारें चटईक्षेत्र विचारावें. त्यांत बाहेरच्या भिंती व सज्जा धरीत नाहींत. मग वडील माणसांची खाट कोठें पडेल, पंगतीस किती पानें मांडतां येतील, हें स्वतः मोजून पाहावें. मापास उतरेल तें ‘स्पेशस’. राहणारीं माणसें वाखाणतील तें ‘प्रशस्त’.