'जा'चे 'गेला', 'गो'चे 'वेंट'

गेल्या महिन्यात मोहगावचे एक संत्र्यांचे बागाईतदार आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा इंग्रजी शाळेत जातो. वर्गात बाईंनी त्याला विचारले, "काल कोठे गेला होतास?" त्याने धीर करून उत्तर दिले, "आय गोएड टू सौंसर." सारा वर्ग हसला; बाईही हसल्या. त्या दिवसापासून मुलाने वर्गात तोंड उघडलेले नाही. वडिलांनी यावर उपाय योजला तो असा की, घरात मराठी बंद. आई चौथीपर्यंत शिकलेली. आता ती माउली पोटच्या पोराशी खाणाखुणांनी बोलते, आणि रात्रीची प्रार्थनाही मुकाट्याने आटोपते. "आम्ही बरोबर केले ना?" असे त्या गृहस्थांनी आम्हांस विचारले. त्यांना जे सांगितले तेच आज आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. कारण हे दुखणे एका घराचे नव्हे.

प्रथम मुलाच्या चुकीकडे पाहू. इंग्रजीत 'वॉक'चे 'वॉक्ड' होते, 'प्ले'चे 'प्लेड' होते. हा नियम मुलाने मनाशी पक्का केला आणि 'गो'ला लावला. म्हणजे त्याचे डोके नीट चालले! खुद्द इंग्रजांची लहान मुलेही 'गोएड' म्हणतात आणि ऐकता ऐकता 'वेंट'वर येतात. आपल्या घरातला लहानगा 'मी करला' म्हणतो, तेव्हा आपण त्याला कवटाळतो आणि हसत 'केला' असे सांगतो. मग इंग्रजीच्या वेळी तीच चूक लाज आणणारी का ठरावी?

'गो' आणि 'वेंट' यांचे रूप एकमेकांशी जुळत नाही, कारण ते मुळात एका घरचे नव्हेत. 'वेंड' म्हणून वाट चालणे या अर्थाचे एक जुने क्रियापद इंग्रजीत होते. 'सेंड'चे 'सेंट' व्हावे तसे त्याचे 'वेंट' होई. 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ कालांतराने मागे पडला आणि सुमारे पंधराव्या शतकापर्यंत 'वेंट' हा दत्तक मुलासारखा 'गो'च्या घरी येऊन राहिला.

आता आपल्या घरात डोकवा. आपण 'जातो' म्हणतो. पण काल 'जाला' म्हणत नाही, 'गेला' म्हणतो. 'ज'चा 'ग' कोठून झाला? 'जाणे' हे संस्कृतातील 'या' या धातूपासून आले. 'गेला' आला 'गम्'पासून, 'गत' या रूपातून. म्हणजे मराठीतही दोन धातूंनी मिळून एक संसार मांडला आहे. शेजारच्या हिंदीतही 'जाना' आणि 'गया' यांची तीच कथा. बोलीत रोज हजारदा लागणारे शब्द असेच असतात. क्वचित वापरातले शब्द नियमाच्या रांगेत जाऊन बसतात. रोजच्या वापरातले शब्द जिभेवर इतके पक्के बसलेले असतात की नियमाला त्यांच्यापुढे हात टेकावे लागतात.

मोहगावच्या मुलाला तर हा धडा नवा नाहीच. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसरचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसरसह मोहगाव छिंदवाड्यातून त्यात गेले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असे येथील मूल वाढते. 'जातो-गेला' आणि 'जाता-गया' या दोन जोड्या त्याला पाळण्यापासून ठाऊक आहेत. तिसरी जोडी 'गो-वेंट' या दोहोंशेजारी ठेवली की झाले. पण पहिली जोडीच घरातून हाकलली, तर तिसरी ठेवायची कशाशेजारी?

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही एक लहानसा धडा लिहून दिला. जेवताना बाप-लेकांनी तो म्हणावा, आणि मराठी बाजू आईने म्हणावी.

'मी शाळेत जातो' म्हणजे 'आय गो'. 'तो जातो' म्हणजे 'ही गोज'. आपल्याकडे 'मी जाऊन राहिलो' म्हणतात. पुण्याकडचे लोक त्याला हसोत. पण 'आय ॲम गोइंग' याचा अर्थ इतका नेमका सांगणारा दुसरा प्रयोग आम्हांस तरी आठवत नाही! 'बाबा काल नागपूरला गेले' येथे 'वेंट', कारण 'काल' हा काळ सांगितला. 'बाबा नागपूरला गेले आहेत' येथे 'हॅज गॉन', म्हणजे ते अद्याप घरी परतलेले नाहीत. 'बाबा नागपूरला जाऊन आले आहेत' येथे मात्र 'हॅज बीन'. आणि आमची मोठी माणसेसुद्धा जेथे हमखास घसरतात ती जागा 'डिड'ची. 'डिड' आला की भूतकाळाची टोपली त्याने डोक्यावर घेतली. एका टोपलीला दोन हमाल कशाला? म्हणून 'डिड यू गो?' आणि 'आय डिड नॉट गो'. 'डिड वेंट' कधीही नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. परभाषा शिकायची तर मायबोली सोडावी लागते काय? आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. 'गो' आणि 'वेंट' त्यांच्या आईची भाषा होती. 'जातो' आणि 'गेला' त्यांना तिशीत शिकावे लागले. त्यांनी काय इंग्रजी विसरून मराठी शिकली? १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या! त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली तेथेच छापले गेले. एका भाषेने दुसरीची जागा घ्यावी लागत नाही. घरात एक पाट अधिक मांडावा लागतो, इतकेच.

म्हणून पालकहो, मुलांना इंग्रजी अवश्य शिकवा. त्याने पोटापाण्याची वाट मोकळी होते हे आम्हीही जाणतो. परंतु ज्या घरात आई मुकी होते, त्या घरातले मूल इंग्रजीही धडपणे बोलत नाही. ते केवळ भीत राहते. प्रभूची प्रार्थना ज्या भाषेत ते प्रथम शिकले, ती भाषा त्याच्याजवळ राहू द्या. आणि चूक झाली तर हसू नका. बरोबर रूप शांतपणे म्हणून दाखवा. 'गोएड'वर 'हो रे, यू वेंट' एवढे उत्तर पुरे.

मिस्सेच्या अखेरीस लॅटिनमध्ये 'ईते' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'जा' असाच आहे. 'मिस्सा' हे नावही त्याच निरोपाच्या वाक्यातून आले. पुनरुत्थित प्रभूनेही शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्यास सांगितले. पण तुमची बोली घरी टाकून जा, असे सांगितले नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी तर जो तो आपापल्या भाषेत ऐकत होता.

ते गृहस्थ निघाले तेव्हा मुलाने दारातून मागे वळून पाहिले आणि आम्हांस म्हटले, "येतो." निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे त्याला कोणत्याही शाळेने शिकवलेले नव्हते. ते त्याच्या आईने शिकवले होते.