चेहऱ्याचं खातं

परवा भाचीच्या मुलीच्या बारशाला निघताना कपाटाच्या आरशासमोर उभी होते. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात काजळाची पेन्सिल. उतारवयात पुन्हा नटायला लागलेल्या बाईची पहिली अडचण हीच. चष्मा काढला तर डोळा दिसत नाही आणि ठेवला तर पेन्सिल डोळ्यापर्यंत पोचत नाही. तरुणपणी चालत्या लोकलमध्ये लिपस्टिक लावणारी मी आता खिडकीतल्या उजेडात, मोठं दाखवणारा आरसा घेऊन बसते. हसू येतं. पण मधली काही वर्षं हा आरसा मी टाळला होता. त्याविषयी लिहायचं आहे.

मेकअप मी दोनदा सोडला. पहिल्यांदा १९९१ साली, बँकेत क्लार्कची ऑफिसर झाले तेव्हा. एका वरिष्ठांनी अगदी आपुलकीने सांगितलं, “मॅडम, आता जबाबदारीची खुर्ची आहे. जरा साधं राहिलेलं बरं.” दुसऱ्या दिवसापासून ओठांचा रंग गेला, टिकली बारीक झाली. त्याने काय साधलं? केबिनच्या दारात येणारा खातेदार माझ्याकडे पाहून तरीही विचारायचाच, “साहेब कुठे आहेत?”

दुसऱ्यांदा मी सोडला नाही, सोडवला गेला. २०१४ मध्ये माझे यजमान गेले. दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत जाऊबाईंनी माझ्या आरशाखालचा खण आवरला. मला त्रास होऊ नये म्हणूनच, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. कुंकवाचा करंडा गेला, टिकल्यांची पाकिटं गेली आणि त्यांच्याबरोबर दोन लिपस्टिक, काजळ, क्रीमची बाटलीही गेली. सगळे दिवस झाल्यावर मी तो रिकामा खण उघडून बराच वेळ उभी राहिले. गेलेल्या माणसाचं सामान आवरतात हे ठाऊक होतं. इथे माझंच आवरलं होतं. आणि लिपस्टिकचा सौभाग्याशी संबंध कुठल्या पोथीत लिहिलाय?

पोथीत नसेल, पण मनात लिहिलेला असतो. माझी आई कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायची, मग त्यावर पिंजर. तोंडाला अफगाण स्नो. हे स्नो मुंबईतच तयार व्हायचं, १९१९पासून. आमच्यासारख्या घरांत स्नो-पावडर सभ्य, लिपस्टिक मात्र सिनेमातल्या बायकांची. टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ काढली. हे नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि तो शब्द म्हणजे आपल्या ‘लक्ष्मी’चंच फ्रेंच रूप. पण घरच्या लक्ष्मीच्या हाती ती डबी यायची ती लग्नाच्या बस्त्यातून. वडील गेल्यावर आईचं कुंकू गेलं, त्याच आठवड्यात स्नोची बाटलीही मागे सरकली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही.

बँकेत संयुक्त खातं उघडताना एक पर्याय असतो, ‘आयदर ऑर सर्व्हायवर’. दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा आणि एक गेला तर मागे राहिलेल्याने खातं चालवावं. शेकडो विधवांना मी हे टेबलापलीकडून समजावून सांगितलं आहे. “पैसे तुमचेच आहेत, कुणाची परवानगी लागत नाही,” असं म्हटलं आहे. स्वतःच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र, खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं आणि मी फक्त सही करत होते, अशा समजुतीत मी दोन वर्षं काढली.

२०१६ साली, पंचावन्नाव्या वर्षी, दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काकू, मुलीसाठी दाखवू का?” “माझ्यासाठी,” म्हणताना जीभ अडखळली. मग पुन्हा धडे गिरवले. पाळी गेल्यावर त्वचा कोरडी पडते, त्यामुळे पावडरीचा थर सुरकुत्यांत जाऊन बसतो. म्हणून आधी ओलावा देणारं क्रीम, मग रंग अगदी बेताचा. टिकलीच्या गोंदाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, तेव्हा खाज सुटली तर टिकली लावणं थांबवावं. जुन्या, वास येणाऱ्या डब्या मोह न धरता टाकाव्यात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. हा सगळा बाजाराचाच खेळ नाही का? बायकांना आधी स्वतःच्या रंगाची लाज वाटायला लावायची आणि मग क्रीम विकायचं. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडलं. वय लपवा असं सांगणाऱ्या जाहिराती मलाही चीड आणतात. माझं वय मला लपवायचं नाही, पांढरे केस मी रंगवत नाही. आयुष्यात कधी पावडरसुद्धा न लावलेल्या मैत्रिणी मला आहेत, त्यांचे चेहरे सुंदर आहेत. पण ‘मला नको’ आणि ‘आता मला चालत नाही’ यांत फरक आहे. पहिला निर्णय आपला असतो. दुसरा आपल्या वतीने कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसं करावं, असं राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून सांगितलं. ठराव झाला हे चांगलंच झालं. पण रिकामा झालेला खण परत भरायचा तर ते काम त्या बाईलाच करावं लागतं. आजूबाजूच्यांनी निदान ‘या वयात कशाला?’ एवढं विचारू नये.

बारशाला बायका जमल्या होत्या. बाळाचं नाव ठेवून झालं, भाची हळदीकुंकू लावत एकेकीपुढे येऊ लागली. माझ्यापाशी आली तेव्हा तिचं बोट करंड्यावरच थबकलं. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

मी चष्मा वर सरकवला आणि कपाळ पुढे केलं. “लाव गं,” म्हटलं, “मावशीचंच कपाळ आहे.”