परतीचं ओझं आधी तोला

ह्यूस्टन-ऑस्टिनकडच्या आपल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये हल्ली मासे गरवायची कयाक दिसू लागली आहे. कोणी ती घेऊन गॅल्व्हेस्टनच्या खाडीत रेडफिशच्या मागे जातो, कोणी लेक कॉनरोवर पहाट काढतो. छंद चांगला आहे. मन निवतं. ताजी मासळी घरात येते.

पण पहाटे चार वाजता सोबत यायला कोणी तयार नसतं. म्हणून तुम्ही एकटेच निघता. अशा एकट्या जाणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

काही वर्षांपूर्वी अशाच एकट्याच्या फेरीत, दुपारी परतताना माझी कंबर धरली. सकाळी कयाक मी एकट्यानेच गाडीच्या टपावर चढवली होती. दुपारी तीच चढवताना अर्ध्यावर वाकलो आणि तसाच अडकलो. तीन आठवडे अंथरुणात गेले. स्वतःची नोकरी, मुलांची शाळा आणि वर माझं सगळं करणं, हे बायकोवर पडलं.

कयाकचं वजन सकाळी होतं तेवढंच दुपारी होतं. माझ्या अंगात मात्र सकाळची ताकद उरली नव्हती. म्हणून पहिलं सांगणं हे: सकाळी किती उचलता येतं यावर जाऊ नका. आठ तास उन्हात काढल्यावर, ओल्या कपड्यांत, उपाशी पोटी किती उचलता येईल, त्यावर बेत ठरवा.

आधी वजन जाणून घ्या

गरवायची कयाक साध्या कयाकसारखी हलकी नसते. रुंद तळ, उंच खुर्ची, पायाने मारायचं पेडल. अशा कयाकचं वजन बहुतेकदा ४० किलोच्या आसपास असतं आणि मोठी असेल तर ५५-६० किलोच्याही पुढे जातं.

कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने १९९१ साली वजन उचलण्याचं एक गणित मांडलं. सगळी परिस्थिती अनुकूल असेल, तरी त्यात जास्तीत जास्त २३ किलो धरले आहेत. निसरडा उतार, हाताला नीट पकड नाही, वस्तू बारा फूट लांब. अशा वेळी तो आकडा आणखी खाली येतो.

तेव्हा आख्खी कयाक उचलायचा विचारच सोडा. कोकणात होडी किनाऱ्यावर घेताना तुम्ही पाहिली असेल. खाली ओंडके घालतात आणि होडी त्यांच्यावरून सरकवत नेतात. दहा माणसं हाताशी असूनही ती खांद्यावर घेत नाहीत. तुम्ही तर एकटे आहात.

कयाक रिकामी करा

खुर्ची काढा. पेडल काढा. गळाच्या काठ्या, डबे, नांगर, बर्फाची पेटी, सगळं आधी गाडीत ठेवा. मोटार लावली असेल तर तिची शिशाची बॅटरी एकटीच वीस किलोच्या आसपास भरते. तीही वेगळी न्या.

परतताना तळाचं बूच उघडा आणि आत शिरलेलं पाणी निथळू द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटर पाणी राहिलं तर तुम्ही दहा किलो फुकट ओढत असता.

टेक्सासमध्ये हे बूच उघडणं कायद्यानेही बंधनकारक आहे. झेब्रा शिंपले २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडले आणि पुढे तळ्यातळ्यांत पसरले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, साठलेल्या पाण्यातून प्रवास करतात. म्हणून २०१४ पासून गोड्या पाण्याच्या तळ्यावर येताना आणि तिथून निघताना होडीतलं सगळं पाणी काढावं लागतं. कयाकही त्यात आली.

पाण्यापर्यंत चाकांवर न्या

दोन चाकांची ढकलगाडी घ्या. कयाक तिच्यावर ठेवताना एका वेळी एकच टोक उचला. दुसरं जमिनीवर टेकलेलं असलं की तुमच्या हाती साधारण निम्मंच वजन येतं. गुडघ्यांत वाका, कंबरेत नको. वजन अंगाजवळ धरा. हातात वजन असताना कंबरेतून वळू नका, पावलं टाकून वळा.

ढकलगाडी दोन प्रकारची मिळते. एकीचे दांडे कयाकच्या तळातल्या भोकांत बसतात. दुसरी पट्ट्याने बांधायची. सामान लादलेली जड कयाक दांड्यांच्या गाडीवर दगडधोंड्यांतून नेली, तर भोकाजवळ तळाला चीर जाऊ शकते. जड कयाकला पट्ट्याची गाडी बरी.

धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे चप्पल घालून जाऊ नका. पकड असलेले बूट घाला.

गाडी कुठली, ते आधी ठरवा

टपावर न्यायची असेल तर गाडीचं पुस्तक उघडा. टपावर किती वजन चालतं ते त्यात लिहिलेलं असतं. कित्येक गाड्यांना ते ४५ ते ७५ किलोच्या दरम्यान असतं, आणि रॅकचं वजनही त्यातच धरायचं. टप सोसत नसेल तर कयाक वर नेऊच नका.

टप सोसत असेल तर मागच्या बाजूने चढवा. रॅकच्या मागच्या दांड्यावर जाड सतरंजी टाका. पुढचं टोक तिच्यावर टेकवा. मग मागे जाऊन दुसरं टोक उचला आणि पुढे सरकवा. बुटक्या गाडीवर हे जमतं. उंच एसयूव्हीवर चाळीस किलोच्या वरची कयाक एकट्याने चढवू नका. पाय घसरला तर ती आधी तुमच्यावर येईल आणि मग काचेवर.

पिकअप असेल तर काम सोपं. टोक मागच्या फळीवर टेकवा आणि आत ढकला. कयाक फळीच्या बाहेर लोंबत असेल तर गाडीच्या मागच्या हूकमध्ये बसणारा लांब आधार लावा. ती चार फुटांहून जास्त बाहेर आली, तर टेक्सासच्या कायद्याने दिवसा टोकाला बारा इंची लाल फडकी लावावी लागतात, अंधारात लाल दिवे. मागच्या गाडीवाल्याला ते टोक दिसलं नाही, तर ते थेट त्याच्या काचेत घुसेल.

जड कयाक, एकटा माणूस आणि पन्नाशी उलटलेली कंबर असेल, तर माझं मत छोट्या ट्रेलरला आहे. तो गुडघ्याएवढा बुटका असतो. फार उचलावंच लागत नाही. मात्र एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हूकवर येईल असं ठेवा. सगळं वजन मागे गेलं तर ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि गाडी ताब्यात राहत नाही. निघताना साखळ्या, दिवे आणि टायरची हवा बघा.

बांधताना घाई नको

दोन रुंद पट्टे आडवे बांधा. पुढचं आणि मागचं टोक वेगळ्या दोऱ्यांनी गाडीला बांधा. पट्टा तुटला तरी त्या दोऱ्या कयाक रस्त्यावर जाऊ देत नाहीत.

खटके मारून आवळायचा पट्टा प्लॅस्टिकवर वापरू नका. उन्हात प्लॅस्टिक मऊ होतं आणि तळाला खळगा पडतो. साधा बकलचा पट्टा हाताने घट्ट ओढा. एवढा पुरतो. सैल टोकं दोऱ्यांत खोचा किंवा दारात अडकवा.

आता कयाक धरून जोरात हलवा. कयाकबरोबर गाडी हलली पाहिजे. कयाक एकटी हलली तर पुन्हा बांधा.

दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे परत बघा. गॅल्व्हेस्टनच्या मोठ्या पुलावर आडवा वारा लागतो. तिथे वेग कमी करा.

आणखी एक. घरी पोहोचल्यावर टपावर कयाक आहे हे थकलेलं डोकं विसरतं, आणि गाडी सरळ गॅरेजच्या दारात जाते. निघतानाच समोर एक चिठ्ठी चिकटवा: वर कयाक आहे.

परत निघताना

काठावर आलात की लगेच कयाकला हात घालू नका. सावलीत बसा. पाणी प्या, डब्यातलं काही खा. वीस मिनिटं जाऊ द्या. गाडीने धक्का अडवू नका, ती बाजूला लावून तिथे सावकाश आवरा.

तरीही अंगात बळ वाटत नसेल तर शेजारच्या माणसाला हाक मारा. धक्क्यावरची माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्या कोणाला हात द्या.

मुळात घरून निघतानाच, कुठे जाताय आणि कधी परत येणार हे घरी सांगा. जीवरक्षक जॅकेट गाडीत नको, अंगावर हवं.

आणि पहिल्या फेरीआधी एक शनिवार घरच्या दारातच काढा. कयाक चढवा, बांधा, उतरवा. मग अंगणात तासभर घाम निघेल असं काम करा आणि दमलेल्या अंगाने ती पुन्हा चढवून पाहा. सहज चढली तर खुशाल तळ्यावर जा. नाही चढली, तर ढकलगाडी किंवा ट्रेलर घ्यायची वेळ तेव्हाच आहे, कंबर धरल्यावर नाही.