गुंतणे आणि गुंतवून ठेवणे : संवादी कथाखेळांच्या निमित्ताने

एखाद्या खेळाडूने कथाखेळ अर्ध्यावर का सोडावा आणि दुसऱ्याने वर्षानुवर्षे त्यातच का रमावे, हा प्रश्न सामान्यतः अशा खेळांचे निर्माते व त्यांचे हिशेबनीस यांच्याकडे सोपविला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रथमतः कथनमीमांसेचा प्रश्न आहे. मराठीत ‘गुंतणे’ आणि ‘गुंतवून ठेवणे’ असे दोन निराळे प्रयोग आहेत. पहिल्यात वाचक वा खेळाडू हा कर्ता असतो. दुसऱ्यात तो कर्म होतो. आंतरजालावरील कथाखेळांच्या चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते.

या प्रकाराचा इतिहास अगदीच अल्प नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ हा केवळ शब्दांतून उभा राहणारा, अनेकांनी एकत्र खेळावयाचा खेळ रचण्यास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. बार्टल यांनी १९९६ च्या निबंधात खेळाडूंचे चार वर्ग कल्पिले : सिद्धी मिळवू पाहणारे, शोध घेणारे, सहवासासाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. या वर्गीकरणाची उपयुक्तता मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, त्यात खेळाडूचा स्वभाव आहे, कथनाचा नाही. रसिकांची प्रतवारी लावल्याने रसप्रक्रियेचा उलगडा होत नसतो.

‘फॉलन लंडन’ हा २००९ पासून चालू असलेला खेळ या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वटवाघळांनी भूगर्भात ओढून नेलेले व्हिक्टोरियन काळातील लंडन हे त्याचे स्थळ. कथा लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते. खेळाडूच्या अंगी आलेले गुण, त्याने जोडलेले संबंध, त्याने ओढवून घेतलेली संकटे यांची नोंद राहते आणि त्या नोंदीनुसार पुढचे तुकडे उघडतात वा बंद राहतात. येथे खेळाडू गुंततो. परंतु त्याच्या कृतींची संख्याही मर्यादित असते. त्या संपल्या की दर दहा मिनिटांनी एक नवी मिळते. पैसे मोजल्यास प्रतीक्षा टळते. येथे तो गुंतवून ठेवला जातो. यावर कोणी म्हणेल की, हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती, तेव्हा वाचकही थांबतच होता. साम्य खरे, पण वरवरचे. कादंबरीचे प्रकरण कोठे थांबवावे हे लेखक ठरवीत असे आणि त्या विरामाला कथेत अर्थ असे. खेळातील विराम गणकयंत्र ठरविते. तो रहस्याच्या ऐन क्षणी येईल, नाहीतर बाजारातल्या एखाद्या किरकोळ देवघेवीच्या मध्येही येईल. अशी प्रतीक्षा सवय लावते. उत्कंठा तिच्यातून निर्माण होत नाही.

जॅनेट मरे यांनी ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ (१९९७) या ग्रंथात अर्थपूर्ण कृती करता येणे आणि तिचा परिणाम दिसणे यांतील समाधानावर भर दिला आहे. मला वाटते, परिणाम तत्काळ दिसणे एवढेच पुरेसे नाही. तो विलंबाने, अन्य रूपात, नको असताना परतावयास हवा. कर्णाचा शाप ऐन युद्धात फळास येतो, तसा.

अमर्याद स्वातंत्र्य दिले की खेळाडू रमेल, ही समजूतही तपासून पाहावी लागते. २०१९ मध्ये आलेल्या ‘एआय डंजन’मध्ये खेळाडू लिहील ते यंत्र स्वीकारते आणि कथा पुढे नेते. आरंभीच्या रूपात मागील मजकुराचा थोडाच भाग यंत्राच्या हाताशी असे. साहजिकच मारलेले पात्र काही वेळाने दारात उभे राहू शके. लोककथेत सांगणारा सांगतो आणि ऐकणारा हुंकार देतो. येथे या भूमिका उलटतात. खेळाडूच कथा सांगतो आणि यंत्र हुंकार देत राहते. जी कथा कशालाच विरोध करीत नाही, तिच्यात निवडीला किंमत उरत नाही आणि नवलाई ओसरताच खेळाडू निघून जातो.

तो कोणत्या वळणावर निघून गेला, याची नोंद निर्मात्यांकडे असते. का गेला, हे त्या नोंदीवरून कळत नाही. संहितेतील रिक्त जागा वाचक कशा भरतो, हा वोल्फगांग इझरने उभा केलेला प्रश्न आपल्या अभ्यासक्रमांना नवा नाही. तो या खेळांना लावून पाहण्यास संगणकशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.