गाण्यामागची गोष्ट कोण सांगणार?



कीर्तन म्हणजे काय ते आपल्या ज्येष्ठांना सांगायला नको. मुलांसाठी सांगतो. कीर्तनकार उभा राहतो, पेटी वाजते, एक पद होते. मग तो थांबतो आणि गोष्ट सांगतो. गोष्ट रंगात आली की पुन्हा गाणे. आपल्या बेने इस्राएल समाजातही 1880 च्या सुमारास अशी मराठी कीर्तने सुरू झाली, आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी आपल्या आधीच्या पिढ्यांनी अशा गात गात ऐकल्या. नुसते गाणे कानाला गोड लागते, पण त्यामागची गोष्ट कळली की ते मनात घर करते.

या वेळी आम्ही अशाच एका गाणाऱ्याची ओळख करून देत आहोत. ते आपल्या समाजाचे नव्हते, मराठीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. पण त्यांची गोष्ट आपल्या घराघरात उपयोगी पडेल अशी आहे. त्यांचे नाव आर्ची रोच.

आर्ची यांचा जन्म 1956 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या मुरूप्ना गावी झाला. ते ॲबोरिजिनल, म्हणजे या देशाच्या मूळ रहिवाशांपैकी. कुटुंब पुढे वॉर्नांबूल शहराजवळच्या फ्रॅमलिंगहॅम येथे राहू लागले. आर्ची अगदी लहान, चालता-बोलता येऊ लागलेले पोर होते, तेव्हा सरकारी माणसे आली आणि त्यांना व त्यांच्या भावंडांना घेऊन गेली. आईबापांनी काही गुन्हा केला होता का? मुळीच नाही. साधारण 1910 पासून 1970 पर्यंत या देशात ॲबोरिजिनल मुलांना घरातून काढून अनाथाश्रमांत किंवा परक्या कुटुंबांत ठेवण्याचे धोरणच होते. दर दहा मुलांत एक ते तीन मुले अशी नेली गेली, असे 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात म्हटले आहे.

आर्ची दोन-तीन घरे फिरून शेवटी मेलबर्नच्या कॉक्स कुटुंबात आले. हे कुटुंब चांगले होते बरं का! घरातले वडील मूळचे स्कॉटलंडचे, आपल्यासारखेच देश सोडून आलेले. ते आपल्या मुलखाची गाणी गात आणि छोटा आर्ची ऐकत बसे. त्याच घरात त्यांना वाद्य वाजवायची गोडी लागली. पण या कुटुंबालाही खरे सांगितले नव्हते. या मुलाचे आईबाप आगीत गेले, असे त्यांना कळवले होते.

मग एके दिवशी शाळेत पत्र आले. सख्ख्या बहिणीचे. त्यात लिहिले होते की आपली आई नुकतीच वारली. म्हणजे इतकी वर्षे आई जिवंत होती, आणि कळले तेव्हा ती गेलेली! पोर घर सोडून निघाले. पुढची कित्येक वर्षे रस्त्यावर गेली, दारूतही गेली. त्याच भटकंतीत ॲडलेडला त्यांना रूबी हंटर भेटली. तिलाही लहानपणी घरातून नेलेले होते. दोघांनी संसार केला आणि पुढे दोघांनी गाणीही केली.

आता गाण्याची गोष्ट. फ्रॅमलिंगहॅमला बॅन्जो क्लार्क नावाचे वडीलधारे गृहस्थ होते. सगळे त्यांना अंकल बॅन्जो म्हणत, आपण काका म्हणतो ना तसे. ते आर्चींना म्हणाले, तुला नेले त्या दिवसाचे गाणे लिही. आर्ची म्हणाले, मी केवढासा होतो, मला काही आठवत नाही. अंकल म्हणाले, मला आठवते, मी सांगतो. आणि त्यांनी सांगितले. त्यातून 1988 च्या सुमारास ‘टुक द चिल्ड्रन अवे’ हे गाणे झाले. म्हणजे ‘मुलांना घेऊन गेले’.

1989 साली प्रसिद्ध गायक पॉल केली यांनी आर्चींना मेलबर्नच्या मोठ्या सभागृहात आपल्या कार्यक्रमाआधी गायला बोलावले. आर्चींनी दोनच गाणी म्हटली, दुसरे हे. गाणे संपले आणि सभागृहात चिडीचूप. आर्चींना वाटले, लोकांना काही आवडले नाही. ते वळून आत जाऊ लागले, तेव्हा एक टाळी वाजली, मग दुसरी, आणि मग टाळ्यांचा पाऊस पडला. लोक इतका वेळ गप्प होते, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांनी ही हकीगत कधी ऐकलीच नव्हती.

1990 मध्ये ‘चारकोल लेन’ या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे आले. सरकारी अहवाल त्यानंतर 7 वर्षांनी निघाला. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत या मुलांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागितली. रूबी 2010 साली गेल्या. आर्ची पुढे खूप आजारी झाले, तरी नाकाला प्राणवायूची नळी लावून, खुर्चीत बसून गायचे आणि गाण्यांच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी 2019 मध्ये आत्मचरित्रही लिहिले. 30 जुलै 2022 रोजी ते वारले.

या गाण्याच्या शेवटी मुले परत येतात. आई मात्र आर्चींना परत भेटली नाही. जे परत मिळाले ते एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतून मिळाले. अंकल बॅन्जो ‘जाऊ दे, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या’ असे म्हणून गप्प बसले असते, तर हे गाणेही नसते.

आपण कोणी ओढून नेल्यामुळे नव्हे, आपल्या खुशीने इथे आलो, म्हणून बरोबरी करायची नाही. पण विसर आपल्याही घरात शिरतोच. मलिद्याच्या वेळी आपली मुले एलियाहू हन्नाबीचे गाणे छान म्हणतात. पण अलिबागजवळच्या खंडाळ्याचा तो खडक, ज्यावर नबीच्या रथाच्या खुणा उमटल्या असे आपले वाडवडील मानत, तो किती मुलांना ठाऊक आहे?

तेव्हा बालमित्रांनो, येत्या शब्बाथला जेवण झाल्यावर आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, हे गाणे तुम्हाला कोणी शिकवले? तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? आणि आजी-आजोबांनो, ‘त्यात काय सांगायचंय’ असे म्हणू नका. सांगा!